उपहास, थट्टा, हेटाळणी : लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी मजकुरात ‘रिडिक्यूल’ आला की अनुवाद करणारा सरसकट ‘उपहास’ लिहून मोकळा होतो. कोशात तो अर्थ आहेच. पण मराठीत हसण्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचा डंख वेगळा.

लग्नात मेव्हण्या नवरदेवाची करतात ती थट्टा. एखाद्याच्या बोलीवरून चारचौघांत फिदीफिदी हसणं ही टिंगलटवाळी. हेटाळणीत तर हसणंही लागत नाही, माणसाला कमी लेखलं की झाली. उपहास ग्रांथिक शब्द. अग्रलेखात, भाषणात शोभतो. ‘आजीने नातवाचा उपहास केला’ म्हटलं की आजी उगाच खाष्ट ठरते. तिने चेष्टा केली असेल.

‘चेष्टा’ मात्र हिंदीतून उतरवताना फसवते. तिथे तिचा अर्थ प्रयत्न. ‘चोराने पळण्याची चेष्टा केली’ हे मराठी नव्हे; ‘पळायचा प्रयत्न केला’ असं हवं.

सगळ्यात जास्त गडबड विभक्तीत होते. ‘मला थट्टा करू नका’ चूक, ‘माझी थट्टा करू नका’ बरोबर. चिडवणं मात्र ‘ला’ घेतं : ‘मला चिडवू नका’. ‘लोक त्याच्यावर हसले’ हल्ली सर्रास दिसतं. अस्सल वळण ‘लोक त्याला हसले’ असं आहे, आणि ते जपायला हवं. क्रियापदंही ठरलेली असतात. थट्टा करतात किंवा उडवतात, टर आणि खिल्ली उडवतात, उपहास करतात. ‘उपहास उडवला’ कानाला खटकतं. फजिती झाली की ‘त्याचं हसं झालं’, नपुंसकलिंगी.

‘हास्यास्पद नाटक’ असं कौतुकाने लिहू नका. हास्यास्पद म्हणजे हसण्याच्या लायकीचं. प्रेक्षकांत हशा पिकत असेल तर नाटक विनोदी.

उशिरा आलेल्याला ‘फार लवकर आलात!’ म्हणणं हा उपरोध. शब्द एक, रोख उलटा. विडंबनाला समोर मूळ रचना लागते, जशी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या विडंबनकवितांना लागली.

शुद्धलेखनात ‘उपाहास’ लिहू नका. उप आणि हास मिळून उपहास, ‘प’ला काना नाही. उप आणि आहार यांचा संधी होऊन उपाहार होतो, म्हणून पाटीवर ‘उपाहारगृह’ हवं. ‘उपहार’ म्हणजे भेट.

‘त्यांनी टीका हसण्यावारी नेली’ याऐवजी ‘टीकेचा उपहास केला’ असं लिहू नका. तिथे कुणाची टर उडालेली नसते, टीका मनावर घेतलेली नसते, इतकंच.