लेखाची मांडणी: आधी चिठ्ठ्या, मग क्रम

लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला नेमके काय सांगायचे आहे, ते एका वाक्यात कागदावर उतरवावे. ते वाक्य जमत नसेल, तर विषय अजून पक्का झालेला नाही असे समजावे. त्यानंतर एकेक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसराव्यात. समजा, लेख मुंबईच्या लोकलवर आहे. एका चिठ्ठीवर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी आहे, दुसरीवर १९२५ साली व्हीटी ते कुर्ला विजेवर धावलेली गाडी आणि तिसरीवर दादरच्या पुलावरची सकाळची रेटारेटी. लेख इतिहासाचा असेल, तर सालवारी योग्यच. पण गर्दीचा प्रश्न मांडायचा असेल, तर दादरचा पूल आधी यावा आणि १८५३ची चिठ्ठी, कितीही आवडती असली तरी, बाजूला ठेवावी. हे बाजूला ठेवणेच मला सर्वांत अवघड वाटते, आणि सर्वांत गरजेचेही.

एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. शीर्षक शेवटी द्यावे. कच्चा खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग, मोठ्याने वाचावे. जिथे दुवा तुटलेला जाणवेल, तिथे परिच्छेदाची जागा बदलून पुन्हा वाचावे.