नाशिकच्या जुन्या पाट्या आणि भिंतीवरच्या जाहिराती: फोटो कसे काढायचे

मेन रोड, दहीपूल, भांडी बाजार, पंचवटीतल्या गल्ल्या, इथे हाताने रंगवलेल्या दुकानाच्या पाट्या अजून सापडतात पण त्या फार पटापट चालल्यात. फ्लेक्स आणि एलईडी स्वस्त झाले, आणि २०२२ ला कायदा बदलून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, वर मराठी अक्षर बाकीच्यांपेक्षा लहान चालणार नाही असा नियम, त्यामुळे बऱ्याच जणांनी अख्खी पाटीच नवीन करून घेतली. मराठी ठळक झाली हे मला मनापासून आवडलं, पण जुनी पाटी भंगारात जाते त्याचं वाईट वाटतं. शिवाय २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं आहेतच. म्हणून भारी कॅमेऱ्याची वाट बघू नका, मोबाईल पुरेसा आहे.

सकाळी जा, दुकानं उघडायच्या आधी. एकदा बाजार सुरू झाला की पाटीसमोर गाड्या लागतात, वर ताडपत्री ओढली जाते, आणि शटरवर रंगवलेली जाहिरात तर शटर खाली असतानाच दिसणार ना. पावसाळ्यात ऊन नसलं तरी बाहेर पडा, ढगाळ उजेडात ऑइल पेंटची पाटी चमकत नाही आणि भिंत ओली झाली की पुसट झालेली अक्षरं जरा गडद दिसतात, कोरड्यात जी वाचता येत नाहीत ती पण कधीकधी कळतात.

उभं राहायचं ते पाटीच्या बरोब्बर समोर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि शिरोरेषा ग्रिडच्या रेघेला लावून घ्या, देवनागरी पाटी किंचित जरी तिरकी आली तरी शिरोरेषेमुळे लगेच डोळ्यात येतं. जवळ जाऊन वाईड लेन्सने काढू नका, कडेची अक्षरं ताणली जातात. समोरच्या ओट्यावर जाऊन, मागे सरकून २एक्स झूमने काढा. दहीपुलाकडच्या गल्ल्यांत मागे सरकायला जागाच नसते, तिथे सरळ कोपऱ्यातून तिरका फोटो घ्या आणि सगळी गल्ली येऊ द्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नुसती पाटी कापून काढू नका, एक फोटो अक्षरांचा आणि एक लांबून, ज्यात वायरी, बाजूची पानटपरी, वरच्या वाड्याची लाकडी खिडकी, शेजारचा नवीन फ्लेक्स सगळं येईल, कारण ती पाटी कोणत्या रस्त्यावर कोणाच्या शेजारी होती हे दहा वर्षांनी फक्त त्या दुसऱ्या फोटोतूनच कळणार आहे. तिसरा फोटो खालच्या कोपऱ्याचा. पेंटर लोक तिथे बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात, अमुक आर्ट्स, तमुक पेंटर, आणि तेच नाव तुम्हाला दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या पाटीवर सापडलं की ‘र’ ची वळणं आणि अक्षरांच्या शॅडो जुळवून बघायला इतकी मजा येते! फोन नंबर पण बघा, ०२५३ पुढे सहाच आकडे असतील तर पाटी बरीच जुनी आहे.

संध्याकाळी एलईडी बोर्ड काढायचे तर सूर्य मावळल्यावर लगेच, आभाळ निळं असताना. अक्षरांवर टॅप करून उजेड कमी करा. फोटोत काळे पट्टे येत असतील तर प्रो मोडमध्ये कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद करून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून ते जमतं. रस्त्याच्या दिशादर्शक पाट्या रेडियमच्या असतात, त्यांना फ्लॅश मारला की सगळं पांढरं.

शहराबाहेर दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाडकडे घरांच्या भिंतींवर सिमेंट, बियाणं, द्राक्षाच्या औषधांच्या जाहिराती बघा, ऑक्टोबर छाटणीच्या सुमाराला औषधांच्या जास्त. चालत्या गाडीतून काढू नका, उतरा.

दुकानदाराला आधी विचारा, ‘काका, पाटी फार छान आहे, एक फोटो काढू का?’ न विचारता काढलं की त्यांना वाटतं अतिक्रमणवाले किंवा टॅक्सवाले आले. सांगितलं की बहुतेक जण स्वतःच खुर्ची बाजूला घेतात, मग पाटी कोणी रंगवली, कोणत्या साली, ते पण विचारून घ्या. देवळाली कॅम्पच्या लष्करी भागात आणि नाशिकरोडच्या नोट प्रेसजवळ मात्र मोबाईल खिशात.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोल्डरला जागा आणि तारीख घाला, ‘भांडी बाजार, तांब्यापितळेच्या दुकानाशेजारी’ इतकं तरी. लोकेशन चालू ठेवलं असेल तर उत्तम, पण गल्लीत ते कधीकधी पलीकडच्या रस्त्यावर दाखवतं, म्हणून हाताने लिहिलेलं हवंच. आणि ऑनलाइन टाकताना पाटीवरचा मोबाईल नंबर झाकून टाका.