कवटी मोजणाऱ्यांची लबाडी कशी पकडायची
पंचवटीतल्या माझ्या शिकवणीत मी नववीच्या पोरांना आधी शिंप्याची टेप देते. एकाच डोक्याचा घेर तिघांनी मोजायचा. आकडे तीन येतात, हशा पिकतो. (तेल चोपडलेलं डोकं असेल तर टेप घसरते, ते वेगळंच.)

मग कवट्या मोजून कुठला वंश श्रेष्ठ ते ठरवणाऱ्यांबद्दल विचारायचं, उत्तर मोजण्याआधीच ठरलं होतं का? १९३५ साली जर्मनीत नाझी पुढारी हिमलरने काढलेल्या ‘आनेनएर्बे’ या संशोधन संस्थेत आर्य श्रेष्ठ हे आधी ठरलेलं, पुरावे नंतर धुंडाळले. पैसा कोणाचा, तेही बघा.

उलटं निघालं तर मान्य करतात का? मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना हवा होता तो वंशावंशांतला फरक सापडला नाही. बाईंनी तसंच लिहून दिलं.

टेप मात्र दरवर्षी एक तरी हरवते.