हाई काय कामनं शे?

जळगावात माझी पहिली भट्टी उतरली, तेव्हा शेजारच्या आजींनी एक लांब मानेचं भांडं उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "हाई काय कामनं शे?" मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात चार वर्षं सिरॅमिक शिकून आले होते मी. "शोभेचं आहे," एवढंच म्हणता आलं. दुसऱ्याचं रडकं पोर परत द्यावं तसं आजींनी ते खाली ठेवलं.

बारावीनंतर सिरॅमिकला जायचं का, असं विचारायला मुलं आणि त्यांचे पालक माझ्याकडे येतात. रस्ता सरळ आहे: प्रवेश परीक्षा देऊन कलेची पदवी करा. मुंबईत जे.जे., नाहीतर बडोदा. डिझाइनकडे ओढा असेल तर अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था. पण त्याआधी एक उन्हाळा गावातल्या कुंभाराकडे काढा. मी हे उलट्या क्रमाने केलं, पदवी घेऊन मग कुंभारवाड्यात गेले, आणि दोन वर्षं वाया घालवली.

तिथे मी खापर बघायला बसायचे. आपल्याकडे मांडे भाजतात ते. चाकावर उतरतो तो नुसता जाड गोळा. खरा आकार येतो लाकडी थापीने. आतून गुंडा, म्हणजे गोल दगड, धरायचा, बाहेरून थापी मारायची, आणि एवढी माती सगळीकडे सारखी पातळ करायची की चुलीवर तडकू नये. माझी फुगीर पोटाची भांडी चाकावर बसकण मारायची. आता तीही निम्मी चाकावर आणि निम्मी थापीवर होतात. थापीचे वळ मी पुसत नाही. गिऱ्हाईक त्यालाच नक्षी समजतं.

मातीचं मात्र आधी समजून घ्या. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना फाटते. एप्रिलमध्ये शेताला पडलेल्या भेगा आठवा. कुंभार त्यात लीद आणि राख घालतो. लीद जळून बारीक छिद्रं राहतात, म्हणून माठ झिरपतो आणि पाणी गार होतं. मला हवी असते बाराशे अंशांच्या वर भाजून दगडासारखी होणारी माती. त्यासाठी चायना क्ले, बॉल क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्झ यांच्या गोण्या गुजरातेतून येतात. ही माती ओलीपासून भाजेपर्यंत साधारण 12 टक्के आकसते, म्हणजे 25 सेंटिमीटरचं भांडं हातात येतं 22 चं. ऑर्डर घेताना हे विसरलात तर झाकण बसणार नाही. माझं बसलं नव्हतं.

मे महिन्यात काठ तासाभरात वाळतो आणि बूड ओलंच राहतं. मग चीर ठरलेली. पहाटे काम करा आणि काठावर प्लास्टिक, वर ओलं पोतं टाका.

ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप. तो पुस्तकातून उतरवण्यापेक्षा मला केळीच्या खांबांची राख बरी वाटली. जळगावात तिला काय तोटा! तिच्यात पोटॅश भरपूर, त्यामुळे काच लवकर वितळते. पण ओली राख हाताला भाजते, हातमोजे घाला. राख धुवावी तसं पोटॅश पाण्याबरोबर निघून जातं, म्हणून दर खेपेला रंग थोडा वेगळा येतो. मला ते चालतं, हॉटेलवाल्यांना चालत नाही.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. तापीकाठच्या सावळद्याच्या नावाने ओळखली जाणारी मातीची भांडी आहेत, चार हजार वर्षांपूर्वीची. त्यांवर काळ्या रंगात मासे आणि बाणांची टोकं काढलेली आहेत. धान्य साठवायला मासा काय कामाचा? तरी कुणीतरी वेळ काढून काढलाच ना.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिली पाच वर्षं घर शिकवण्यावर चाललं. भांड्यांनी फक्त मातीचे पैसे काढले. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडीसारखी कलाशिक्षकाची पदविका लागते. मी घरीच वर्ग घेते. मोठ्यांना पहिल्याच दिवशी चाकावर कॉफीचा मग करायचा असतो. मी त्यांना तीन आठवडे हाताने चिमटून वाट्या करायला लावते. निम्मे सोडून जातात. मुलं कधीच सोडत नाहीत, पोळ्याआधी तर बैल करायला दारात रांग असते. वर्ग संपला की झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती बसतेच.

आणि भट्टी लावायच्या आदल्या दिवशी वायरमनला फोन करा. अकराशे अंशांवर माझी वीज गेली होती. मी घाबरून झाकण उघडलं, आणि आतून एकामागून एक टण् टण् आवाज आले. तुमची गेली तर उघडू नका. वीज येईपर्यंत तशीच बंद ठेवा आणि मग पुन्हा चढवा. त्या खेपेतला एक तडकलेला रांजण मी कुंभारकाकूंना दिला. त्यात त्या थाप्या ठेवतात.