वेबसाइट एका ब्राउझरमध्ये नीट, दुसऱ्यात विस्कटलेली? या चुका टाळा

क्रोममध्ये पान व्यवस्थित दिसतं. आयफोनवर मात्र तळाचं बटण गायब होतं, विंडोजवर आडवा स्क्रोलबार उगवतो आणि काही मशीनवर मराठी मथळ्यांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. तिन्ही तक्रारींवर एकच शेरा मारला जातो: ब्राउझरचा घोळ आहे. प्रत्यक्षात तिघींची कारणं वेगवेगळी असतात. कारण न शोधता, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलच्या शेवटी एखादी जबरदस्तीची ओळ चिकटवली, की ती तक्रार मिटते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच पानावर नवी उभी राहते. फरक इंजिनाचा (कोडवरून पान पडद्यावर उमटवणाऱ्या ब्राउझरच्या आतल्या भागाचा) आहे, आवृत्तीचा आहे की फॉन्टचा, हे आधी ठरवा. दुरुस्तीचं काम त्यानंतरचं.

ब्राउझर मोजणं, इंजिन न मोजणं

क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट अशा पाच ठिकाणी साइट तपासली म्हणजे खरं तर एकदाच तपासली, कारण या सगळ्यांच्या आत ब्लिंक हे एकच इंजिन आहे. एजसुद्धा जानेवारी २०२० पासून त्याच कुटुंबात आलं. फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट ही उरलेली दोन मोठी इंजिनं. भारतातल्या आयफोनवर क्रोम उघडलंत तरी आत वेबकिटच चालतं, त्यामुळे ‘आयफोनच्या क्रोममध्ये बिघडतंय’ अशी तक्रार आली तर ती सफारीची समजून तपासा.

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘आयफोन’ निवडणं ही याच चुकीची दुसरी बाजू. तिथे पडद्याचा आकार बदलतो, इंजिन नाही. विंडोजसाठीची सफारी उतरवून घेणं तर पूर्ण व्यर्थ आहे, ती ५.१.७ या आवृत्तीवर २०१२ मध्येच थांबली. मॅक नसेल तर ब्राउझर-चाचणीचं साधन असलेलं प्लेराइट वापरा, त्याच्यासोबत येणारं वेबकिट विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतं. तरीही घरातल्या कुणाचा जुना आयफोन मिळाला तर त्यावर एकदा साइट उघडाच. आयफोनवरचं वेबकिट फोनच्या सिस्टिमबरोबरच अपडेट होतं, म्हणून ज्या फोनला अपडेट मिळणं बंद झालंय तो जुन्या इंजिनावरच अडकून राहतो.

डॉक्टाइपच्या आधी काहीतरी छापलं जाणं

पानाच्या सुरुवातीला डॉक्टाइप, म्हणजे ‘हे आजच्या नियमांचं एचटीएमएल पान आहे’ असं सांगणारी पहिली ओळ, नसेल, तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी राखून ठेवलेले जुने नियम लावतो. आजकाल डॉक्टाइप सहसा कुणी विसरत नाही. पण सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या पीएचपीची एखादी वॉर्निंग त्याच्या आधी छापली जाते आणि सगळं पान गुपचूप जुन्या नियमांवर जातं. डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुकांचे संदेश दिसतात त्या खिडकीत, ‘डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड’ (document.compatMode) विचारा. उत्तर ‘बॅककॉम्पॅट’ आलं तर बाकी काहीही दुरुस्त करण्याआधी हे दुरुस्त करा.

ब्राउझरला नाव विचारणं

‘सफारी असेल तर हे, फायरफॉक्स असेल तर ते’ अशी कोडची विभागणी फार लवकर कुजते. ब्राउझर आपली जी ओळख पाठवतात, ती जुन्या साइट मोडू नयेत म्हणून मुद्दाम गोलमाल ठेवलेली असते. ऑपेरा १० आलं तेव्हा कित्येक साइट आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचत होत्या. त्यांना ते ‘ऑपेरा १’ वाटू नये म्हणून ऑपेराला आपली आवृत्ती ९.८० अशी सांगावी लागली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हाही दोनच आकडे वाचणाऱ्या कोडची धास्ती होतीच.

नावाऐवजी क्षमता विचारा, सीएसएसमध्ये त्यासाठी ‘@’ चिन्हासह लिहायचा ‘सपोर्ट्स’ नियम आहे. त्याचीही एक फट माहीत असू द्या. फ्लेक्स आणि ग्रिड या सीएसएसमधल्या मांडणीच्या दोन पद्धती, आणि ‘गॅप’ म्हणजे घटकांमधलं अंतर. फ्लेक्समधला ‘गॅप’ सफारीत १४.१ पासून, म्हणजे २०२१ मध्ये आला, तर ग्रिडमधला त्याच्या बराच आधीपासून चालत होता. दोन्हींचं नाव एकच. त्यामुळे जुनी सफारी ‘गॅप येतो’ असं खरंच सांगते आणि फ्लेक्समधली बटणं एकमेकांना चिकटलेली राहतात. अशा जुन्या फोनची काळजी घ्यायची असेल तर तिथे मार्जिन वापरा.

सीएसएस आणि जावास्क्रिप्ट सारख्याच सहनशील आहेत असं समजणं

अनोळखी सीएसएस ओळ दिसली की ब्राउझर तेवढी ओळ सोडून पुढे जातो. म्हणून आधी सगळ्यांना कळणारी किंमत आणि तिच्याखाली नवी किंमत लिहिण्याची पद्धत अजून उत्तम चालते. मात्र स्वल्पविराम देऊन अनेक सिलेक्टर (नियम कोणत्या घटकांना लावायचा ते सांगणारे भाग) एकत्र लिहिलेत आणि त्यातला एक जरी ब्राउझरला कळला नाही, तर अख्खा नियम रद्द होतो. वेगवेगळ्या ब्राउझरांचे खास सिलेक्टर वेगवेगळ्या नियमांत लिहा.

पानाच्या हालचाली चालवणारी जावास्क्रिप्ट याहून कडक आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र. त्यातलं लुकबिहाइंड, म्हणजे नमुन्याच्या आधी काय आलंय ते तपासणारा भाग, सफारीला १६.४ मध्ये, मार्च २०२३ मध्ये कळायला लागलं. त्याआधीच्या सफारीत असं एकच एक्स्प्रेशन असलं तरी ती संपूर्ण फाइल चालत नाही. मेनू उघडत नाही, स्लायडर हलत नाही, आणि आपण तासन्‌तास मेनूच्या सीएसएसमध्ये चूक शोधत बसतो. पान सगळीकडूनच मेल्यासारखं वाटत असेल तर आधी कन्सोल उघडा.

मराठी मजकूर फक्त इंग्रजी डिझाइनवर तपासणं

मराठी साइटवरच्या तक्रारींत मी सगळ्यात आधी संशय घेतो तो फॉन्टवर. डिझाइनमध्ये इंटर किंवा रोबोटो निवडलेला असतो, या दोन्हींत देवनागरी अक्षरं नाहीत. मग विंडोज निर्मला यूआय दाखवतं, अँड्रॉइड सहसा नोटो सान्स देवनागरी, आयफोन कोहिनूर देवनागरी. तिघांची उंची, रुंदी आणि जाडी वेगळी. एकाच्या बटणात मावलेला शब्द दुसऱ्यात खालच्या ओळीत जातो, आणि दोष ब्राउझरला मिळतो. मुक्ता, हिंद, बालू किंवा पॉपिन्ससारखा देवनागरी असलेला फॉन्ट साइटसोबत द्या. स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना देवनागरीची फाइलही उतरवली आहे ना, हे बघा. गुगल फॉन्ट्स एकाच फॉन्टचे लिपीनुसार तुकडे करून देतं, आणि घाईत फक्त लॅटिनचा तुकडा उचलला जातो. ठळक वजनाची फाइल नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षरं फुगवतो आणि ‘क्ष’, ‘ष्ट्र’ यांच्या पोटातली पोकळी बुजते.

इंग्रजी मथळ्यांना शोभणारं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) मराठीला लागलं की शिरोरेषा तुटते. मराठी मजकुरासाठी ते शून्यच ठेवा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१ आणि वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचा भाग लपवणं), ही जोडी रफार आणि वेलांट्या कापते. मथळ्यांना १.३ ते १.४ आणि मजकुराला १.६ च्या आसपास लाइन-हाइट द्या. पानाची भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) अशी नोंदवायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते ही नोंद पाहूनच निवडले जातात. नोंद ‘एचआय’ राहिली तर हिंदी वळण उमटतं, आणि आपल्या वाचकाला ते खुपतं.

इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात कित्येक मराठी साइट खास बनवलेल्या फॉन्टवर चालत आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्यांच्या जागी निव्वळ रोमन अक्षरांचा गुंता दिसे. प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोडने त्यातून सोडवलं. त्यासाठी यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीची नोंद पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असली पाहिजे.

मोबाइलच्या उंचीवर विसंबणं

सीएसएसमध्ये व्हीएच हे पडद्याच्या उंचीचं आणि व्हीडब्ल्यू हे रुंदीचं टक्क्यांतलं माप. आयफोनवर १०० व्हीएच म्हणजे ॲड्रेसबार आत सरकल्यावरची उंची, म्हणून पान उघडताच तळाचं बटण पट्टीखाली जातं. तिथे डीव्हीएच (त्या क्षणी दिसणारी उंची) किंवा एसव्हीएच (पट्ट्या दिसत असतानाची उंची) वापरा आणि जुन्या फोनसाठी त्याच्या वरच्या ओळीत व्हीएच राहू द्या. रुंदीला १०० व्हीडब्ल्यू दिली की विंडोजवर स्क्रोलबारची जागाही तिच्यात धरली जाते, तोच तो आडवा स्क्रोलबार. तिथे १०० टक्के पुरतात. फॉर्मच्या रकान्यात अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोन रकान्याला हात लावताच पान मोठं करतो.

सगळं हुबेहूब करण्याचा हट्ट

ड्रॉपडाउन, तारखेचा रकाना, स्क्रोलबार हे प्रत्येक सिस्टिमवर वेगळे दिसणारच. वापरणाऱ्याच्या हाताला आपल्या फोनचा ड्रॉपडाउन सवयीचा असतो. तो मोडून स्वतःचा बनवलात तर कीबोर्डने आणि स्क्रीनरीडरने वापरणाऱ्यांची अडचण वाढवता. ग्राहकाला हे काम सुरू होतानाच सांगा, बिल देताना नाही.

तक्रार आलीच तर आधी ब्राउझरची आवृत्ती आणि सिस्टिम विचारून घ्या. मग झूम १०० टक्क्यांवर आणून पान खासगी विंडोमध्ये उघडायला सांगा, म्हणजे जुना कॅश आणि बहुतेक एक्स्टेन्शन बाजूला पडतात. मजकुराचा प्रश्न असेल तर क्रोमच्या ‘कम्प्युटेड’ टॅबच्या तळाशी किंवा फायरफॉक्सच्या ‘फॉन्ट्स’ टॅबमध्ये प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला गेलाय ते दिसतं. लेआउटचा असेल तर पानाची एक प्रत घेऊन अर्धा मजकूर काढून टाका आणि बिघाड राहतो का ते बघा. राहिला तर उरलेल्याचा पुन्हा अर्धा काढा, गेला तर काढलेला भाग परत आणून तो तपासा. दहा-वीस ओळींत दिसणारा बिघाड हाती आला की तो तिन्ही इंजिनांत शेजारीशेजारी उघडा.