ग्लॉसस, ग्लॉसल, ग्लॉसिया: जिभेची नावं फोडून कशी वाचायची

एमबीबीएस असो, बीडीएस असो की बीएएमएस, फर्स्ट इयरला हेड-नेक सुरू झालं आणि जिभेचा धडा आला की सगळीकडे ग्लॉसस ग्लॉसस ऐकून डोकं भणभणतं. मग बहुतेक जण काय करतात तर टेबल पाठ करतात, ओरिजिन (मसल निघतो ती जागा), इन्सर्शन (संपतो ती जागा), नर्व्ह, अ‍ॅक्शन असे चार कॉलम, आणि व्हायवात एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, प्रश्न जरा उलटा फिरवून टाकला की टेबल गायब. माझं म्हणणं एवढंच आहे की टेबल शेवटी बघा, आधी नाव फोडा, कारण निम्मं उत्तर नावातच असतं. आणि नाव कुठे दगा देतं तेही माहीत पाहिजे, खरे मार्क तिथेच जातात.

ग्रीकमध्ये जिभेला ग्लॉसा. त्यामुळे शब्दात ग्लॉस दिसलं की जीभ, एवढं पक्कं धरा. आता मसलच्या नावात ग्लॉसस शेवटी असेल तर मसल जिभेत जाऊन संपतो, आणि नावाचा पहिला तुकडा सांगतो की तो निघतो कुठून. मसल काय करणार, जिभेला आपल्या मुळाकडे ओढणार. म्हणजे ओरिजिन, इन्सर्शन आणि अ‍ॅक्शन तिन्ही कॉलम एका शब्दात आले की नाही.

करून बघा. जीनिओ म्हणजे हनुवटी. जीनिओग्लॉसस जबड्याच्या हाडाला आतल्या बाजूने, बरोबर हनुवटीच्या मागे चिकटलेला असतो आणि तिथून पंख्यासारखा जिभेत पसरतो. जिभेचा मागचा भाग त्याने पुढे हनुवटीकडे ओढला की टोक तोंडाबाहेर येतं. स्टायलो म्हणजे स्टायलॉइड प्रोसेस, कानाच्या खाली आत असलेलं टोकदार हाड, म्हणून स्टायलोग्लॉसस जीभ मागे आणि वर खेचतो. हायो म्हणजे हायॉइड, ग्रीक अप्सिलॉन अक्षराच्या आकारावरून ते नाव पडलंय, हाड गळ्यात खाली असतं म्हणून हायोग्लॉसस जीभ खाली दाबतो. (जीनिओ आणि जेनिक्युलेट मिक्स करू नका हां, जेनिक्युलेट लॅटिनमधल्या गुडघ्यावरून आलंय, त्याचा हनुवटीशी काही संबंध नाही.)

जीनिओग्लॉससवर जरा जास्त वेळ घालवा, कारण वॉर्डातही तोच उपयोगी पडतो. पेशंट बेशुद्ध झाला, उताणा पडलेला असला की हा मसल सैल पडतो आणि जीभ मागे जाऊन घसा बंद करते. अशा वेळी जॉ थ्रस्ट, म्हणजे खालचा जबडा हाताने पुढे ढकलणं, का करतात? मसल जबड्याला बांधलेला आहे, जबडा पुढे आणला की जीभ त्याच्यासोबत पुढे येते, बस. दुसरा हमखास प्रश्न म्हणजे डाव्या बाजूची हायपोग्लोसल नर्व्ह (जीभ हलवणारी) निकामी झाली तर बाहेर काढलेली जीभ कुठे वळेल. डावीकडेच. उजवा जीनिओग्लॉसस चांगला आहे, तो आपली बाजू पुढे ढकलतो, डावीकडून तोलायला कोणी नाही, म्हणून जीभ आजारी बाजूकडे झुकते. पाठ करायची गरजच नाही, आरशासमोर जीभ काढून विचार करा, आपोआप सुटतं.

हायपो म्हणजे खाली. हायपोग्लोसल, १२ वी क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हपैकी बारावी), जिभेच्या खालून येते आणि ग्लॉससवाल्या मसलना चालवते. अमेरिकेत २०१४ पासून घोरण्याच्या गंभीर आजारासाठी, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियासाठी, ह्याच नर्व्हला झोपेत करंट देणारं मशीन छातीत बसवायला परवानगी आहे. जीभ पुढे राहते, श्वास चालू राहतो. आता सबलिंग्वल बघा, अर्थ तोच, जिभेखालचं, पण लॅटिन. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायला देतात ती सॉर्बिट्रेट सबलिंग्वल, तिला हायपोग्लोसल गोळी कोणी म्हणत नाही. लिंग्वल दिसलं की लॅटिन, ग्लॉस दिसलं की ग्रीक, जीभ दोन्हीकडे एकच.

आता दग्याच्या जागा.

पहिली, पॅलॅटोग्लॉसस. शेवटी ग्लॉसस आहे म्हणून तुम्ही १२ वी नर्व्ह सांगाल आणि फसाल. पॅलॅटो हा तुकडा लॅटिन, म्हणजे टाळू, आणि हा मसल वागतोही टाळूच्या मसलसारखाच, त्याला फॅरिंजियल प्लेक्ससमधून, म्हणजे घशाच्या नर्व्हच्या जाळ्यातून, व्हेगस (१० वी नर्व्ह) येते. नाव अर्धं लॅटिन अर्धं ग्रीक आहे ना, म्हणून हाच वेगळा, असं मी ज्युनियर्सना सांगतो, शास्त्रीय कारण नाहीये पण विसरत नाही कोणी.

दुसरी, स्टायलो तीन आहेत. स्टायलोग्लॉसस, स्टायलोहायॉइड, स्टायलोफॅरिंजियस, तिघं एकाच हाडावरून निघतात आणि नर्व्ह तिघांना वेगळी, अनुक्रमे १२, ७ आणि ९. इथे पहिला तुकडा नाही, शेवटचा तुकडा वाचायचा.

तिसरी, ग्लॉसोफॅरिंजियल. नावात ग्लॉसो आहे म्हणून ही ९ वी नर्व्ह जीभ हलवते असं वाटतं, पण हलवत नाही, जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाची चव आणि स्पर्श दोन्ही नेते. शिवाय सर्कमव्हॅलेट पॅपिले (जिभेवरचे मोठे गोल उंचवटे) सल्कस टर्मिनॅलिसच्या, म्हणजे जिभेचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणाऱ्या खाचेच्या, पुढे असूनही त्यांची चव हीच नेते, हा एक्स्टर्नल लोकांचा लाडका प्रश्न.

चौथी, ग्लॉटिस. अथेन्सकडचे लोक ग्लॉसाला ग्लॉटा म्हणायचे, त्यावरून हा शब्द आला, पण ग्लॉटिस म्हणजे जीभ नाही, व्होकल कॉर्ड्समधली फट. एपिग्लॉटिस तिच्या वरचं झाकण. जीभ आणि ते झाकण ह्यांच्यातल्या घडीचं नाव ग्लॉसोएपिग्लॉटिक फोल्ड, एकच मूळ शब्दात दोनदा. तिथे जो खळगा असतो तो व्हॅलेक्युला, इंट्युबेशन करताना, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालताना, घसा बघायच्या लॅरिंगोस्कोपच्या मॅकिन्टॉश ब्लेडचं टोक तिथेच टेकवतात.

आजारांची नावं सोपी आहेत, पटकन उरकू. ग्लॉसायटिस जिभेची सूज, बी १२ किंवा लोह कमी पडलं की जीभ लाल गुळगुळीत होते ती. मॅक्रोग्लॉसिया मोठी जीभ. ग्लॉसेक्टमी जीभ कापणं. ग्लॉसोडायनिया जीभ दुखणं. ग्लॉसोप्टोसिस जीभ मागे पडणं. अँकायलोग्लॉसिया म्हणजे टंग टाय, खालचा पडदा आखूड. थायरोग्लोसल सिस्ट मात्र नीट समजून घ्या. थायरॉइड गर्भात जिभेच्या मुळाशी, फोरामेन सीकम नावाच्या खळग्यापाशी तयार होऊन गळ्यात उतरते, तिची वाट मागे राहिली तर गळ्याच्या मधोमध गाठ येते, आणि वाट जिभेला जोडलेली असल्यामुळे जीभ बाहेर काढली की गाठ वर सरकते. ही वाट हायॉइडला चिकटून जाते, म्हणूनच ती गाठ काढायच्या सिस्ट्रंक ऑपरेशनमध्ये हायॉइडचा मधला तुकडाही काढतात, १९२० पासूनची पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र कुठलंच नाव सांगणार नाही, ती म्हणजे हायोग्लॉससच्या वर काय आणि खाली काय. वरून लिंग्वल नर्व्ह, सबमँडिब्युलर डक्ट (लाळेची नळी) आणि हायपोग्लोसल नर्व्ह जातात, आणि लिंग्वल आर्टरी त्याच्या आतून. हे डिसेक्शनच्या टेबलवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मायलोहायॉइड (तोंडाच्या तळाचा मसल) बाजूला केला की चौकोनी चपटा मसल दिसतो तोच, आर्टरी बघायला तो कापावा लागतो. कापायच्या आधी सरांना विचारा, बॉडी एकच असते आणि तुमच्या मागून येणाऱ्या बॅचला पण बघायचं असतं.