डील्स स्ट्रॅटेजीची केस मुलाखत: या चुका टाळा

एखादी कंपनी विकत घ्यावी का आणि कितीला, याचा सल्ला देणं म्हणजे डील्स स्ट्रॅटेजी. त्या नोकरीच्या मुलाखतीत असा एक सौदा सोडवायला देतात, तीच केस. माझ्या पहिल्या डील्स केसमध्ये एका गुंतवणूक फंडाला रोगनिदान प्रयोगशाळांची साखळी विकत घ्यायची होती. मी कागदावर नफ्याचं झाड काढलं, एका फांदीवर उत्पन्न, दुसरीवर खर्च, आणि या कंपनीचा नफा कसा वाढवता येईल ते वीस मिनिटं रंगवून सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मग घ्यायची का? घ्यायची तर कितीला?" माझ्याकडे "घ्यायची" एवढंच उत्तर होतं. पुढच्या फेरीचं बोलावणं आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच उमेदवारांचा सराव घेतला. हुशार मुलंही तिथेच घसरतात, कारण तयारी साध्या स्ट्रॅटेजी केसची झालेली असते. तिथे कंपनीचं दुखणं शोधून औषध द्यायचं असतं. इथे कंपनी ठणठणीत असली तरी सौदा वाईट असू शकतो.

गिऱ्हाईक कोण, हे न विचारता सुरुवात

पहिला प्रश्न हाच हवा: आपण कोणासाठी काम करतोय? प्रायव्हेट इक्विटी फंड (गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या घेऊन पुढे विकणारा) असेल तर तो कर्ज काढून घेणार आणि चार-पाच वर्षांनी विकणार, म्हणजे पुढचा खरेदीदार कोण असेल याचा विचार आजच करावा लागतो. त्याच धंद्यातली कंपनी असेल तर ती विकायला घेत नाही. तिच्यासाठी सिनर्जी, म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारा जादा फायदा, आणि दोन संस्था एकत्र करण्याची डोकेदुखी महत्त्वाची. बँकेसाठी काम असेल तर वाढीच्या गप्पा जवळपास निरुपयोगी. वाईट वर्षातही हप्ता फिटेल का, एवढंच तिला हवं असतं. आणि कधी कधी कंपनी विकणाऱ्यानेच अहवाल मागवलेला असतो. कंपनी एकच, केसेस चार.

बाजार भलताच मोजणं

प्रयोगशाळांच्या केसमध्ये बहुतेक जण लोकसंख्येपासून सुरू करतात, माणशी चाचण्या धरतात, दर लावतात आणि मोठा आकडा काढून खूश होतात. पण रुग्णालयं आपल्या आतल्या प्रयोगशाळेतच ज्या चाचण्या करतात, त्या या साखळीच्या वाट्याला येणारच नाहीत. तो हिस्सा वगळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आकारापेक्षाही वाढ कशातून येते ते सांगा: चाचण्यांची संख्या वाढतेय, दर वाढतायत, की लोक महागड्या चाचण्यांकडे वळतायत? दरवाढीवर उभी असलेली वाढ पहिल्या जोरदार स्पर्धकाबरोबर संपते.

तक्त्यात बाजार 12 टक्क्यांनी आणि कंपनी 9 टक्क्यांनी वाढताना दिसली, तर "कंपनी चांगली वाढतेय" म्हणू नका. ती बाजारातला हिस्सा गमावतेय. मुलाखतकाराने तो तक्ता नेमका यासाठीच पुढे सरकवलेला असतो, आणि उमेदवार मात्र आकडे मोठ्याने वाचून दाखवतो.

मॅनेजमेंटचा आराखडा गिळून टाकणं

गेली तीन वर्षं 6 टक्के वाढ, पुढची पाच वर्षं 15 टक्के. असा हॉकी स्टिकसारखा वर वळलेला आलेख जवळजवळ प्रत्येक विक्रीच्या कागदपत्रांत असतो. त्यावर "हे जरा आशावादी वाटतं" म्हणून पुढे जाऊ नका. मधली 9 टक्के कुठून येणार ते फोडा: नव्या शाखा किती, दरवाढ किती, नव्या सेवा किती, आणि त्यातलं आज करारात बांधलेलं किती? उरलेली सगळी आशा.

पायाभूत वर्षही तपासा. 2020 आणि 2021 मध्ये कोविड चाचण्यांमुळे प्रयोगशाळांचं उत्पन्न फुगलं आणि पुढे ते ओसरलं. अशा वर्षाच्या एबिटडाला (व्याज, कर, घसारा वगैरे वजा करण्याआधीचा नफा) मल्टिपल लावलं, म्हणजे त्याच्या अमुक पट किंमत ठरवली, तर गेलेल्या पैशाचीच किंमत मोजली जाते. केसमध्ये साल दिलेलं असेल तर ते सहसा उगाच दिलेलं नसतं.

सिनर्जी म्हणजे फुकटचा पैसा

1994 मध्ये क्वेकर ओट्सने स्नॅपल हा पेयांचा ब्रँड 170 कोटी डॉलरना घेतला आणि 1997 मध्ये सुमारे 30 कोटी डॉलरना विकून टाकला. कल्पना कागदावर देखणी होती. क्वेकरचं गेटोरेड सुपरमार्केटांत जोरात होतं, स्नॅपल छोट्या दुकानांत. दोघांनी एकमेकांची वाट वापरायची. पण स्नॅपल विकणारे वितरक स्वतंत्र होते आणि आपल्याकडची सुपरमार्केटं क्वेकरला सोडायची त्यांना काही गरज नव्हती. सिनर्जी सांगताना हेच विचारा: ही ज्याच्या हातात आहे, तो ती का देईल?

खर्चातली बचत त्यातल्या त्यात भरवशाची, कारण ती आपल्या हातात असते. एकमेकांच्या ग्राहकांना माल विकण्याचं स्वप्न मात्र उशिरा आणि अर्धवटच खरं होतं. बचत मिळवण्यासाठीचा एकवेळचा खर्च विसरणारे तर ढिगाने सापडतात.

किंमत न बोलणं

माझी चूक हीच. समजा कंपनीचा एबिटडा 40 कोटी आहे आणि विकणारा दहापट, म्हणजे 400 कोटी मागतोय. फंड 160 कोटी कर्ज घेऊन 240 स्वतःचे घालतो. पाच वर्षांनी एबिटडा 60 कोटी झाला आणि मल्टिपल दहाच राहिलं, तर कंपनी 600 कोटींची. तोवर कर्ज 100 पर्यंत उतरलं असेल, तर फंडाच्या हाती 500. म्हणजे 240 चे दुपटीहून थोडे जास्त, वर्षाला साधारण 16 टक्के.

फंडाला 20 टक्के हवे असतील, तर पाच वर्षांत पैसे अडीचपट व्हायला हवेत. मग 500 मिळवण्यासाठी आज 200 च्या आसपासच घालता येतील. कर्ज तेवढंच धरलं तर किंमत 360 कोटी, म्हणजे नऊपट. आता उत्तर तयार होतं: "दहापटीला नको. नऊपटीपर्यंत चालेल, पण या साखळीला काम देणारी सर्वांत मोठी दोन रुग्णालयं करार पुढे चालू ठेवतील याची खात्री झाली तरच. ती गेली, तर नऊपटही महाग."

पाच वर्षांत दुप्पट म्हणजे साधारण 15 टक्के, अडीचपट म्हणजे 20, तिप्पट म्हणजे 25. एवढं पाठ असलं की कॅल्क्युलेटर नसला तरी निभावतं.

अडकलात तर

आकडा चुकला हे लक्षात आल्यावर लपवू नका. "इथे माझं एक शून्य सुटलं, दुरुस्त करतो" म्हणा आणि त्यावर पुढे काय काय उभं होतं तेही सांगा. उद्योगाची काहीच माहिती नसेल, तर पैसे कोण देतो, वापरतो कोण आणि निवड कोण करतो हे तीन प्रश्न विचारा. प्रयोगशाळेत हे तिघे वेगवेगळे असू शकतात, विमा कंपनी, रुग्ण आणि डॉक्टर, आणि अर्धी केस त्यातच उलगडते. एक मिनिट शांत बसायचं असेल तर तसं सांगून बसा. हवेत फ्रेमवर्क, म्हणजे पाठ केलेले साचे, फेकण्यापेक्षा ते बरं.

सरावासाठी शंभर केसेस लागत नाहीत. बातम्यांत आलेला एखादा ताजा सौदा घ्या आणि खरेदीदाराने इतके पैसे का दिले ते अर्ध्या पानात लिहा. मग दुसऱ्या अर्ध्या पानात विकणाऱ्याने आत्ताच का विकलं, ते. हा दुसरा अर्धा भाग मी फार कमी उमेदवारांच्या वहीत पाहिला आहे.